आरोपी सुटला म्हणजे मुलगी खोटं बोलली, असं असतं का?

ऐरोलीच्या ताई, आधी एक काम करा. प्रश्नात तुम्ही बिल्डिंगचं आणि मुलीच्या शाळेचं नाव लिहिलंयत ते काढून टाका, पीडितेची ओळख पटेल असं काही छापणं हा गुन्हा आहे, आणि तो तळमळीने लिहिणाऱ्या लोकांकडूनच नकळत होतो.

आता प्रश्नाकडे. २०१८ ची पोक्सोची केस, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालची, मुलगी तेव्हा १४ ची, आरोपी वरच्या मजल्यावरचा रोजच्या येण्याजाण्यातला माणूस, आई साक्षीत फितूर झाली, मुलगी उलटतपासणीत गडबडली, डॉक्टरने जखम नाही लिहिलं, आणि आता तो सुटला तर बिल्डिंगवाले म्हणतायत पोरीनेच बनाव केला होता. नाही हो. निकालपत्रात बहुतेक "संशयाचा फायदा" हे शब्द सापडतील. म्हणजे सरकारी पक्षाने जेवढं सिद्ध करायला हवं होतं तेवढं केलं नाही, बस. मुलगी खोटं बोलली असं वाटलं तर जज ते वेगळं लिहितात.

मी गेली काही वर्षं ठाण्याच्या कोर्टात अशा मुलांसोबत सपोर्ट पर्सन म्हणून जाते, म्हणजे केस चालू असताना मुलाला आधार द्यायला सोबत असणारी. वकील नाहीये, पण बाकावर बसून बसून जे दिसलं ते सांगते.

सगळ्यात जास्त केस पडताना मी पाहिल्या त्या जबाबावर. एक मुलगी होती, दिघ्याची, घरी भोजपुरी, शाळेत हिंदी. ती म्हणाली "गंदा हाथ लगाया", आणि कागदावर आलं "सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले". १२ वर्षांची पोर असं बोलते का कधी? आणि तेच तिला किती वेळा सांगावं लागलं बघा, आधी आईला, मग पोलिसांना, मग डॉक्टरला, मग बालकल्याण समितीसमोर, मग मॅजिस्ट्रेटपुढे, आणि प्रत्येकाने आपल्या भाषेत, आपल्याला महत्त्वाचं वाटलं तेवढंच लिहून घेतलं. पाच वर्षांनी साक्षीच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी, बचावाचा वकील हातात तो कागद घेऊन विचारतो, पोलिसांना तू किचन म्हणालीस, आज हॉल म्हणतेस, नेमकं काय? वन रूम किचनचं घर, मधे फक्त पडदा!! पण रेकॉर्डवर विसंगती आली ती आलीच. त्यात एखादी महत्त्वाची गोष्ट जबाबात लिहायचीच राहिली असेल तर ती मागाहून सुचलेली आहे असा बचाव होतो. तो पोलिसांचा जबाब, ज्यावर साक्षीदाराची सहीसुद्धा घ्यायची नसते, तो पुढे तिच्याच विरुद्ध वापरला जातो. तिने तो आयुष्यात एकदाही वाचलेला नव्हता.

पोक्सो कायदा म्हणतो की मुलाची साक्ष ३० दिवसांत, उशीर झाला तर कारण लिहायचं, आणि खटला शक्यतो वर्षात. हा "शक्यतो" शब्द फार मोठा आहे. आज जज रजेवर, पुढच्या तारखेला आरोपीला जेलमधून आणलंच नाही, मग वकिलांची मुदतवाढ, मग बदली. पोर ऐरोलीहून ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला, तिथून कोर्ट नाक्याला, दिवसभर बसून परत. एकीची साक्ष लागली तेव्हा साखरपुड्याला तीन आठवडे राहिले होते, सासरच्यांना काही माहीत नव्हतं. ती काय बोलणार सांगा.

आईबद्दल तुम्ही रागाने लिहिलंयत, समजतं मला. पण एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे, आकडे बघितले तर बलात्काराच्या केसमधे ९५ टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीतला असतो. बाप, चुलता, घरमालक, शेजारी, भिशीवाल्या बाईचा भाऊ. अशा वेळी आई फितूर होते ते पैसे घेऊनच असं नाही, कधी खोली जाते, कधी नवऱ्याची नोकरी जाते, कधी सासू बोलणं टाकते. तुमच्या प्रश्नाखाली जे लोक फाशी द्या फाशी द्या लिहितायत त्यांना एक विचारते, १६ वर्षांखालच्या मुलीच्या बलात्काराच्या केसमधे आजही किमान २० वर्षं आहेत, आणि आरोपी सख्खा दीर असेल तर शिक्षा जितकी वाढेल तितकं घरातलं दडपण वाढतं की कमी होतं? माझ्या बघण्यात तरी वाढतं. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून आहे, पण चाळीत समोरासमोर दार असेल तर कोण कुणाला कसं संरक्षण देणार.

"जखम नाही" याचं म्हणाल तर कायद्याने त्याने काही बिघडत नाही. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होत नाही, आणि १८ खाली संमतीचा प्रश्नच नाही. पण हे डोक्यातून जायला वेळ लागतोय. आपल्याच चंद्रपूर भागातली १९७२ ची मथुरा केस, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच पोलिसांनी केलेला अत्याचार, हायकोर्टाने दिलेली शिक्षा सुप्रीम कोर्टाने १९७८ मधे रद्द केली, एक कारण अंगावर जखमा नाहीत. त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या तेव्हा १९८३ ला कायदा बदलला. टू फिंगर टेस्ट, म्हणजे डॉक्टरने दोन बोटं घालून करायची तपासणी, ती तर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने चूक ठरवली आणि २०२२ ला परत सांगावं लागलं की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. कागदावर कायदा बराच सुधारलाय हो. पोक्सोत तर कलम २९ ने आपण निर्दोष आहोत हे दाखवायचा भार आरोपीवरच टाकलाय, फक्त आधी मूळ गोष्टी सरकारी पक्षानेच उभ्या करायच्या. त्यातली पहिली म्हणजे वय. जन्मदाखला गावाकडे, शाळेच्या रजिस्टरसाठी मुख्याध्यापकांना साक्षीला बोलवायला कुणी तयार नाही, वय सिद्ध झालं नाही की पोक्सोच उडाला. तुमच्या केसमधे हे झालंय का ते बघाच.

तो बलात्काराच्या केसमधल्या २७-२८ टक्के दोषसिद्धीचा आकडा तुम्ही दिलाय तो साधारण बरोबर आहे, पण तो निकाल लागलेल्या केसेसचा. त्या मानाने पडून असलेल्यांचा ढीग कितीतरी मोठा. आणि सुटलेल्यांत १७ वर्षांची पोरगी मुलाबरोबर पळाली आणि बापाने केस केली असलेही येतात, ती मुलगी कोर्टात त्याच्या बाजूनेच बोलते. त्यामुळे नुसता आकडा धरून काही सिद्ध होत नाही, ना तुमचं ना बिल्डिंगवाल्यांचं.

आता करायचं काय. निकालाविरुद्ध सरकार अपील करेल म्हणून वाट बघत बसू नका, २००९ च्या दुरुस्तीने पीडितेला स्वतः अपील करता येतं, इथे ते हायकोर्टात. दिवस मोजले जातात, म्हणून पहिल्यांदा निकालाच्या नकलेचा अर्ज टाका. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला किंवा मुलाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. आता मुलगी सज्ञान झाली असेल, म्हणजे अपील करायचं की नाही हे तिला ठरवू द्या. तुम्ही नाही, आई नाही. ती नको म्हणाली तर नको. आणि नक्कल आली की आधी तिचा जबाब आणि तिची साक्ष शेजारी शेजारी ठेवून वाचा.