चित्र विकून मदत करायचीय, पण पैसे कुणाच्या खात्यात?

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, सोलापूरकडं पूर आला, त्यानंतर कलाकारांच्या या सदराकडं आलेल्या पत्रांचा सूर बराचसा एकच आहे. मला चित्र येतं, मला शिवण येतं, मी काय करू? बरं वाटलं वाचून, एरवी इथं क्लायंट पैसे बुडवतो याच्याच तक्रारी जास्त. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून काही पत्रं निवडलीत, त्यात बाकीच्यांचंही येऊन जाईल.

ताई, मी नाशिकला इलस्ट्रेशन करते. पूरग्रस्तांसाठी एक प्रिंट काढून ५०० रुपयांना विकायची ठरवलीय. पोस्ट तयार आहे, खाली माझाच जीपेचा क्यूआर टाकलाय. नवरा म्हणतो घोळ होईल, मी म्हणते लोकांचा माझ्यावर विश्वास आहे. कोण बरोबर?

नवरा. (हे उत्तर या सदरात क्वचित छापून येतं, कात्रण ठेवायला सांगा त्यांना.)

अहो, विश्वासाचा प्रश्नच नाहीय, हिशोबाचा आहे. त्याच खात्यात तुमच्या कामाचे पैसे येणार, त्यातूनच लाइटबिल जाणार, मैत्रिणीनं हॉटेलच्या बिलातला वाटा पाठवला तर तोही तिथंच, आणि मधेमधे अनोळखी लोकांचे पाचशे पाचशे. दोन महिन्यांनी कुणी सहज विचारलं की ताई किती जमले हो, तर तुम्ही रात्री स्टेटमेंट घेऊन खुणा करत बसणार. शिवाय चांगल्या कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर आपल्याकडं त्याला कायदा आहे, गणपती मंडळंसुद्धा वर्गणीची पावतीपुस्तकं छापायच्या आधी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१क ची परवानगी काढतात.

त्यापेक्षा पैशाला हातच लावू नका. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात वणवे पेटले होते तेव्हा तिथल्या लेखकांनी ट्विटरवर लिलाव मांडला, कुणी सही केलेली पुस्तकं ठेवली, कुणी तुमचं हस्तलिखित वाचून देतो म्हणालं, कुणी पुढच्या कादंबरीतल्या पात्राला तुमचं नाव देतो म्हणालं. ज्याची बोली जास्त त्यानं थेट अग्निशमन सेवेला देणगी द्यायची आणि पावती दाखवायची, मग लेखक वस्तू पाठवणार. पाच लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली ती मोहीम आणि कुठल्याच लेखकाला आपल्या खात्यात दुसऱ्याचा पैसा घ्यावा लागला नाही. तुम्हीही तेच करा, पाचशेची पावती दाखवा आणि प्रिंट घ्या.

आता पावती कुणाची, हे पोस्ट टाकायच्या आधी ठरवा. त्याच वणव्यांच्या वेळी सेलेस्ट बार्बर नावाच्या विनोदी अभिनेत्रीनं फेसबुकवर मदत मागितली. तीसेक हजार डॉलर जमावेत अशी अपेक्षा होती, जमले ५ कोटी १० लाख. मग ती म्हणाली की हे सगळीकडं वाटू, दुसऱ्या राज्यांनाही, घरं जळालेल्यांनाही, प्राण्यांनाही. पण तिनं नाव टाकलं होतं न्यू साउथ वेल्स या एकाच राज्याच्या ग्रामीण अग्निशमन दलाच्या ट्रस्टचं. मे २०२० मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ट्रस्टच्या कागदात जे लिहिलंय त्यासाठीच पैसा वापरता येईल, म्हणजे त्या दलाची साधनं, ट्रेनिंग वगैरे, फार तर जखमी आणि मृत जवानांसाठी निधी. देणाऱ्यांच्या मनात काय होतं ते बाजूलाच राहिलं. म्हणून ज्या संस्थेचं नाव घालणार तिला आधी विचारा की हा पैसा या पुरासाठीच वापराल ना आणि कुठल्या तालुक्यात? उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचं चालेल. उत्तर द्यायला टाळाटाळ करतायत तर दुसरी संस्था बघा.

आणि हे सगळं आधी करायचं असतं बरं का. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि गायक जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली, तिकिटांचे जवळपास अडीच लाख डॉलर युनिसेफकडं गेलेसुद्धा, पण नंतर जी रेकॉर्ड निघाली तिच्या पैशाला करसवलत मिळावी म्हणून आधी अर्जच केलेला नव्हता, त्यामुळं तो पैसा अमेरिकेच्या टॅक्सखात्यात वर्षानुवर्षं अडकला. माणसं मात्र त्या वर्षी छावण्यांत होती.

माझे काका न्यू जर्सीला असतात, दहा प्रिंट घेतो म्हणालेत. त्यांनीही हेच करायचं का?

आधी काकांचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे आपल्यासारखेच. अमेरिकन नागरिक असतील तर, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असलं तरी, कायद्यानं ती परदेशी देणगी होते, ती फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, तीही स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मेन ब्रँचमधल्या ठरलेल्या खात्यात. संस्थेला फोन करून विचारा, नोंदणी असली तर काका खुशाल देतील. नसेल तर काकांना म्हणावं, पुतणीला एखादा आयपॅड घेऊन या.

माढा तालुक्यातून लिहितेय. आमच्या शेजाऱ्यांचं साड्यांचं दुकान आहे, पुरात खालचे सगळे रॅक बुडाले. मी फॅशन डिझाइन शिकते. त्या साड्यांच्या पिशव्या शिवून विकल्या आणि पैसे त्या दुकानवाल्या काकांना दिले तर? आई म्हणते चिखलाचं कापड कोण घेणार.

सगळ्यात आधी, पंचनामा झालाय का? दुकानाचा विमा होता का? असेल तर सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत एकाही साडीला हात लावू नकोस, रॅकसकट फोटो काढून ठेव. तू धुऊन इस्त्री करून ठेवलीस तर नुकसान काय दाखवणार ते?

आता तुझ्या आईच्या प्रश्नाकडं येते. चिखलाचं कापड लोकांनी घेतलंय. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात चेंदमंगलम म्हणून हातमागाचं गाव आहे. ऑगस्ट २०१८ चा पूर तिथं ऐन ओणमच्या तोंडावर आला, विणकरांचा वर्षाचा मुख्य सीझनच तो. माग पाण्यात, सूत पाण्यात, विक्रीला घड्या घालून ठेवलेला मालही पाण्यात. डाग पडलेल्या त्या साड्या टाकून द्यायच्या गोष्टी चालल्या होत्या. कोचीची डिझायनर लक्ष्मी मेनन आणि पर्यटन व्यवसायातले गोपीनाथ परायिल यांनी तो माल घेतला, क्लोरीन घालून उकळून निर्जंतुक केला आणि त्याच्या बाहुल्या केल्या. चेकुट्टी नाव ठेवलं. बाहुली म्हणजे तरी काय, बोटाएवढी, कापडाचा तुकडा दुमडायचा, दोऱ्यानं आवळून डोकं करायचं, स्केचपेननं डोळे आणि तोंड काढायचं. झालं! चिखलाचा डाग तसाच ठेवला, मुद्दाम. एका साडीत ३६० बाहुल्या, एक २५ रुपयांना, म्हणजे तेराशे-पंधराशेला जाणारी साडी नऊ हजार रुपये देऊन गेली. आणि पैसा विणकरांच्या सोसायटीकडं.

तू यातून बाहुली उचलू नकोस, हिशोब उचल. त्या बाहुलीला शिलाई मशीन लागत नाही, शाळेतली पोरं, ऑफिसातली माणसं कुणीही बसून करू शकतं, म्हणून हजारो हातांनी ती झाली. डागाला किंमत आली कारण वस्तू बघायची आहे, वापरायची नाही. तुझ्या पिशवीचं उलट होतं. पिशवीला मजबुती पाहिजे, आठवडाभर घाण पाण्यात भिजलेलं कापड कुजकं असतं, वर अस्तर, चेन, शिलाई, आणि इतकं करून गिऱ्हाईक तिची तुलना बाजारातल्या दोनशेच्या पिशवीशी करणार, पहिल्यांदा कौतुकानं घेईल पण बंद तुटला की पुन्हा नाही यायचं. छोटं काहीतरी शोध, जे डागासकट चालेल आणि तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना दहा मिनिटांत शिकवता येईल. कापड निवडताना सुती वेगळं काढ, ते उकळलेलं सोसतं. जरीचे काठ काळे पडतात, सिंथेटिकचं उकळल्यावर काय होईल ते एका तुकड्यावर करून बघ. पुराच्या पाण्यात गटाराचंही पाणी असतं, हातमोज्यांशिवाय गाठोडी सोडू नका. आणि हे सगळं सहा महिन्यांच्या आत, नंतर लोक विसरतात, हे वाईट आहे पण आहे. विकताना सोबत दुकानाचं नाव-पत्ता छापून दे, म्हणजे काकांच्या नव्या मालाला तरी गिऱ्हाईक येईल.

मी लातूरचा, पेंटिंग करतो. पूरग्रस्तांची पोर्ट्रेट्स करून प्रदर्शन भरवायचंय. मित्र म्हणतो हे दुःखाचं भांडवल आहे.

मित्राचं अर्धं बरोबर. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरले, शाईत चित्रं केली, भेटलेल्या माणसांची नावगावासकट नोंद ठेवली. त्यांचं छोटं पुस्तक छापलं तर इंग्रज सरकारनं प्रती जप्त करून जाळल्या. (पुढं ते मुंबईला अंधेरीत राहायला आले आणि शेवटपर्यंत जवळपास तंगीतच राहिले.) सरकारला दुष्काळ दिसूच द्यायचा नव्हता, म्हणून ती चित्रं काढणं गरजेचं होतं.

तुझ्याकडं उलटी स्थिती आहे, पुरात उभ्या माणसांचे चेहरे पहिल्या चार दिवसांत सगळ्या चॅनेलांनी दाखवून झालेत. खरडून गेलेली जमीन कुणी नीट दाखवलीय? वरची माती वाहून गेलीय, खाली दगडगोटे उघडे पडलेत, तिथं पुन्हा पीक यायला किती वर्षं जातील. ते काढ की. शेतकरी शेजारी उभा राहायला तयार असेल तर त्यालाही घे, विचारून, नावासकट, आणि चित्राची एक प्रत त्याच्या घरी पोचव. प्रदर्शन पुण्यामुंबईला भरवायच्या आधी त्याच तालुक्यात भरव, लोक काय म्हणतात ते तिथंच कळेल.

पुण्याहून. सगळे मदत करतायत, माझीच कामं तीन महिन्यांपासून बंद आहेत. प्रिंटिंग आणि कुरिअरचा खर्च पैशातून कापून घेतला तर वाईट दिसेल का?

नाही दिसत. आधीच लिहा की ५०० मधले इतके छपाईचे, इतके कुरिअरचे (तेवढेच तुमच्याकडं), बाकी थेट संस्थेला. लपवलं तर वाईट दिसतं.

आणि स्वतःचीच चूल थंड असेल तर चित्रकारांनी एकमेकांना धरून राहणं हीसुद्धा मदतच. मार्च २०२० मध्ये मॅथ्यू बरोज या इंग्लंडच्या चित्रकारानं इन्स्टाग्रामवर एक साधी रीत काढली, प्रत्येकानं आपली चित्रं जास्तीत जास्त २०० पाउंडांना विकायची, आणि विक्री १००० झाली की २०० चं दुसऱ्या कुणाचं तरी चित्र घ्यायचं. एवढंच. ऑफिस नाही, कमिटी नाही. तुमच्या ग्रुपमध्ये हजार-दोन हजारांवर करून बघा, पाच विकली की एक घ्यायचं. फक्त ते एक रोजच्या चहाच्या कट्ट्यावरच्या मित्राचं घ्यायचं नाही, ही अट मी माझ्या पदरची घालते.