बोअर धुतला, पुसला आणि एका रात्रीत तांबडा झाला

पाऊस लागला की गाड्या पडवीत आणि माणसं घरात, मग सगळ्यांना इंजिन खोलायची हुक्की येते. यावेळी पत्रं भरपूर आलीत, त्यातली तीन घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न: माझी २००६ ची मारुती ८०० आहे, २ लाख १० हजार किलोमीटर झालेत. निळा धूर मारते, हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर ऑइल पिते आणि फोंडा घाटात तर जीवच काढते. गॅरेजवाला म्हणतो फुल इंजिन करा. मला खटपटीची आवड आहे, शेतपंप वगैरे मीच खोलतो. आंबा संपला की गणपतीपर्यंत वेळच वेळ, तर हे काम घरी जमेल का? आणि खोलतोच आहे तर मोठे पिस्टन टाकून पिकअप वाढेल का? (एक बागायतदार, देवगड)

जमेल हो. पण आधी मला सांगा, धूर नक्की कधी येतो? फोंडा घाट उतरताना सेकंड गिअरमध्ये पाय काढून उतरा आणि खाली सपाटीला आल्यावर ऍक्सिलरेटर दाबून आरशात बघा. तेव्हाच एक भपका आला आणि मग साफ झालं, किंवा सकाळी पहिल्या स्टार्टलाच येऊन थांबला, तर बहुतेक व्हॉल्व्हचे ऑइल सील गेलेत, त्यासाठी अख्खं इंजिन खाली घ्यायची गरज नाही. चढाला पाय दाबून ठेवलाय तोवर सतत निळं येतंय, तर मात्र पिस्टनवरच्या रिंगा गेल्यात.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघा. इंजिन गरम करायचं, तिन्ही प्लग काढायचे, प्लगचा करंट तोडायचा, एकेका भोकात दाब मोजायचा गेज लावायचा, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून काटा थांबेपर्यंत सेल मारायचा. गेज विकत घेऊ नका, कुठल्याही गॅरेजवाल्याकडून दोन तासांसाठी मिळतो, फक्त परत द्या. पेट्रोल इंजिनला दीडशे पीएसआयच्या वर म्हणजे तब्येत चांगली, शंभराच्या आसपास म्हणजे आजारी. खरं तर आकड्यापेक्षा तिघांमधला फरक महत्त्वाचा, दहा-पंधरा टक्क्यांवर गेला की समजायचं. जो कमी दाखवतोय त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत बघा. काटा चढला तर गळती रिंगांतून आहे, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. एवढं केलंत की गॅरेजवाल्याशी बोलताना तुमची बाजू भक्कम.

समजा रिंगाच निघाल्या. इंजिन काढायला चेन ब्लॉक पडवीच्या वाशाला टांगू नका, वासा आतून वाळवीने खाल्लेला असतो आणि ते आपल्याला इंजिन खाली आल्यावरच कळतं. तीन जाड पाइपांची घोडी करा. खोलताना प्रत्येक बेअरिंग कॅप कुठल्या नंबरची आणि कुठल्या तोंडाने होती याचा मोबाईलवर फोटो काढा, कारण त्या एकमेकींच्या जागी बसवून चालत नाहीत.

बोअरच्या, म्हणजे ज्या गोल पोकळीत पिस्टन वरखाली होतो तिच्या, वरच्या टोकाला नख फिरवा. नख अडकलं तर तिथे झीज होऊन कंगोरा राहिलाय. पण नखावर निर्णय घ्यायचा नाही, बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मापं घ्यायची, त्यांच्यातला फरक ०.१ मिलिमीटरच्या पुढे गेला तर नुसत्या नव्या रिंगा टाकून उपयोग नाही, बोअर करावाच लागतो, म्हणजे पोकळी कापून थोडी मोठी करायची आणि मोठे पिस्टन टाकायचे. हे काम घरी होत नाही. सावंतवाडी-कणकवलीकडे लेथवाले आहेत, जास्त काम असेल तर कोल्हापूरचं उद्यमनगर. आणि एक लक्षात ठेवा, आधी पिस्टन विकत घ्या, ते लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्यांच्या मापाने बोअर करायला सांगा. लोक आधी बोअर करून येतात, मग पिस्टन शोधत फिरतात.

आता तुमच्या मोठ्या पिस्टनबद्दल. ८०० चा बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२, तीन सिलिंडर मिळून ७९६ सीसी. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज टाकलात तर होतात ८०८. म्हणजे वाढले किती, बारा सीसी, अडीच चमचे! त्याने घाटात काही फरक पडत नाही, तुमची गाडी आज चढत नाही कारण कॉम्प्रेशन उडालंय, ते परत आलं की तीच गाडी तुम्हाला नवीन वाटेल. पैसे घालायचेच असतील तर हेडवर घाला, व्हॉल्व्ह सीटवर नीट ग्राइंड करून घ्या, गाइड बघा, हेड वाकलंय का ते सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा) बघा. रेडिएटर उघडून साफ करून घ्या. आणि जुन्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलाय का ते बघा, आपल्याकडे ही फार वाईट सवय आहे, गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढतात, मग इंजिन कधी धड गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही लवकर. नवीन बसवा.

आता माझी फजिती सांगतो. पहिलं इंजिन बांधलं तेव्हा ऐन जुलै होता. ब्लॉक लेथवरून आला, मी रॉकेलने धुतला, फडक्याने पुसला, चकाचक दिसत होता, म्हटलं उद्या सकाळी बांधू. सकाळी बघतो तर तिन्ही बोअर आतून तांबडे, जसा चिऱ्याचा रंग! होनिंग केलेलं, म्हणजे दगडाने घासून बारीक रेघा पाडलेलं, उघडं लोखंड आणि समुद्रावरची दमट हवा, दुसरं काय होणार. आणि चूक एकच नव्हती. रॉकेलने बोअर साफ होतच नाही, होनिंगच्या बारीक रेघांमध्ये दगडाची भुकटी अडकून राहते आणि ती नव्या रिंगा खाते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश, एवढंच लागतं. मग पांढऱ्या फडक्याला ऑइल लावून आतून फिरवायचं, फडकं करडं निघालं की परत धुवायचं. माझं सातव्या धुण्याला पांढरं निघालं. ते निघालं त्याच क्षणी कोरडा करून बोअरला ऑइल चोपडायचं, मधे चहासुद्धा नाही, आणि लगेच बांधायचा नसेल तर ब्लॉक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवायचा.

रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी नुसती बोअरमध्ये सोडा, पिस्टन उलटा धरून सरळ ढकला आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. या मापाच्या बोअरला साधारण पाव मिलिमीटर लागते, नेमका आकडा रिंगांसोबतच्या कागदावर बघा. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर खरवडतात. रिंगेवर खूण असते, ती बाजू वर. मी दुसरी रिंग एकदा उलटी घातली होती आणि गाडी आधीइतकंच ऑइल प्यायला लागली, परत सगळं खोललं, बायकोने त्या आठवड्यात माझ्याशी एक शब्द काढला नाही. बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (मऊ बारीक दोरा, किती चपटा झाला त्यावरून फट कळते) बघा आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, हेडचे बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, पंपाचा अंदाज इथे चालत नाही. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपही याच वेळी बदला.

चालू करायच्या आधी प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल मारा. सुरू झाल्यावर तासभर उभी ठेवून घुरघुरवू नका, रिंगा लोडवर, म्हणजे इंजिन जोर लावत असतानाच, नीट बसतात. चढाला अर्धा ऍक्सिलरेटर, उताराला गिअरमध्ये सोडून द्या, घाट त्यासाठी उत्तम. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. आणि खर्च करायच्या आधी आरसी बघून घ्या, १५ वर्षं झाल्यावर पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते, ती नसेल तर बांधलेलं इंजिन पडवीतच घुरघुरत बसेल.

प्रश्न: ८०० मध्ये वॅगन आरचं ११०० चं इंजिन बसवलं तर? भंगारात स्वस्त मिळतंय. (एक वाचक, अलिबाग)

तुम्ही म्हणता ते १०६१ सीसीचं असणार. त्याचा बोअर-स्ट्रोक ८०० सारखाच, फक्त सिलिंडर तीनाऐवजी चार. वाचायला सोपं वाटतं, पण माउंटिंग, वायरिंग, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं ओढत येतं. शिवाय आरसीवर इंजिन नंबर आणि सीसी लिहिलेले असतात, आरटीओच्या परवानगीशिवाय बदललंत तर अपघातात विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत. भंगारातल्या इंजिनाच्या नंबराचा इतिहासही तुम्हाला माहीत नाही. सोडून द्या.

प्रश्न: जुलै २०२१ च्या पुरात आमची गाडी बोनेटपर्यंत बुडाली होती, तेव्हापासून तशीच उभी आहे. इंजिन फिरत नाही. आता काही होईल का? (एक वाचक, चिपळूण)

ताई, पहिला प्रश्न असा की पाणी ओसरल्यावर कोणी सेल मारला होता का? पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला, त्यातही इंजिन एकदा सुरू झालं, की पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. असं झालं असेल तर हेड काढून प्रत्येक पिस्टन सगळ्यात वर आणून बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहत असेल तर त्याचाच रॉड वाकलेला.

कोणी मारला नसेल तर प्लग काढा, प्रत्येक भोकात गंज सोडवायचं तेल ओता आणि आठवडाभर विसरून जा, अधूनमधून थोडं घाला. मग क्रँक पुलीच्या नटाला सॉकेट लावून हळूहळू मागे-पुढे करा. गिअरमध्ये टाकून गाडी ढकलू नका, दोरीने ओढू तर अजिबात नका. मोकळं झालं तरी लगेच चालू करायचं नाही. आधी खालचा ऑइल सम्प, म्हणजे तळाचं ऑइलचं भांडं, उतरवा. वाशिष्ठीचा गाळ तिथे बसलेला असणार, आणि तो ऑइल पंपाने वर खेचला तर बेअरिंगचं काम दहा मिनिटांत संपेल.