जुन्या लॅपटॉपची रॅम मोबाइलमध्ये किंवा टॅबमध्ये बसवता येते का?

नाही. मोबाइल-टॅबमध्ये रॅमसाठी स्लॉटच नसतो. चिप थेट बोर्डावर सोल्डर केलेली असते आणि जातही वेगळी, कमी वीज खाणारी. पण म्हणून रॅमची पट्टी भंगारात देऊ नका. दुसऱ्या लॅपटॉपात, मिनी पीसीत ती मस्त चालते, फक्त रॅमची पिढी (डीडीआर३, डीडीआर४ वगैरे) जुळली पाहिजे.

पट्टीवरचं स्टिकर वाचा. पीसी३ म्हणजे डीडीआर३, २०४ पिना, १.५ व्होल्ट. पीसी४ म्हणजे डीडीआर४, २६० पिना, १.२ व्होल्ट. या दोघींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. जोर लावलात तर स्लॉट मोडेल. खरी गफलत होते पीसी३ आणि पीसी३एल यांत. दोन्ही हुबेहूब सारख्याच बसतात, पण एल म्हणजे १.३५ व्होल्ट. फक्त १.३५ वरच चालणाऱ्या लॅपटॉपात साधी पीसी३ टाकली तर मशीन बहुधा सुरूच होत नाही. उलट एलवाली पट्टी जुन्या १.५ व्होल्टच्या लॅपटॉपात सहसा चालून जाते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुनी पट्टी घ्यायची असेल तर लॅपटॉप सोबत न्या, काउंटरवरच लावून चालू करून बघा. सुटी पट्टी साध्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकू नका, चंदेरी अँटीस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणारं) पाकीट मागून घ्या.

मोबाइललाच काही जोडायचं असेल तर लॅपटॉपची जुनी एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी ड्राइव्ह, बघा. यूएसबी केसिंगमध्ये घातली की ओटीजी (फोनला थेट यूएसबी उपकरण जोडायची सोय) चालणाऱ्या बहुतेक फोनांना ती पेन ड्राइव्हसारखी जोडता येते. आधी तिच्यावरचा डेटा मात्र काढून ठेवा.