घर नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून घर नाही

बाय, जर्मनीतल्या श्टुटगार्टहून नोकरीची ऑफर आली, पण घरमालक पगाराच्या स्लिपा आणि शूफा मागतात, बँक पत्त्याची नोंद मागते आणि नोंदीला आधी घर लागतं, मग सुरुवात कुठून करू, असं तू डिचोलीहून विचारलंस. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी ही गत. (शूफा म्हणजे इथलं सिबिल, कर्ज-बिलं वेळेवर फेडतेस का याची नोंद. तुझी अजून तयारच झालेली नसणार.)

सुटण्यासारखी गाठ एकच आहे, तात्पुरतं घर. दोन-तीन महिन्यांसाठी सामानासकट मिळणाऱ्या खोलीला बरेचदा नोकरीचा करार पुरतो. भाडं जास्त पडेल, पडू दे. मात्र पैसे भरण्याआधी मालकाकडून लेखी घे, की तिथे आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करता येईल. नोव्हेंबर २०१५ पासून मालकाच्या सहीच्या पत्राशिवाय ती होत नाही, आणि राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते. 'पैसे द्या, पत्ता देतो' म्हणणारे भेटतील, त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. असा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड आहे, आणि खोटी नोंद करणारीही सुटत नाही.

नोंदणी झाली की टॅक्स आयडी पोस्टाने येतो. आपल्याकडे पोस्टमन वाडा आणि घराणं ओळखतो. इथे पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. खोलीत शिरशील त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर आडनाव चिकटव, पासपोर्टवर आहे तसंच. आयडी येईपर्यंत पहिल्या पगारातून जास्त कर कापला गेला तर घाबरू नकोस, जास्तीचा परत मिळतो.

बँकेत 'बाझिसकोंटो' माग. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही हे साधं खातं मागायचा हक्क २०१६ पासून आहे, कायमचा पत्ता नसला तरी. काउंटरवर नाही म्हणाले तर लेखी अर्ज दे.

वडिलांचा जन्म १९६१ च्या आधीचा, गोवा पोर्तुगालकडे असतानाचा, म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट आधी काढू का, हेही विचारलंस. हातात करार असताना नको. ते नागरिकत्व घेतलं की भारतीय संपतं. मग ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी, भारतीय पासपोर्ट समर्पणाचा दाखला हवा, आणि गोव्यातल्या कित्येकांचे पासपोर्ट सरकारने रद्दच केलेले. समर्पण करायचं कशाचं? रद्द केल्याचं पत्र चालेल असं केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये मान्य केलं, तोवर माणसं लटकून राहिली.

घरमालकाला काय विचारायचं ते मराठीत लिहून पाठव, मी जर्मनमध्ये करून देते.