ॲमरिलिस लिलीला पानं भरपूर, पण फुलं येत नाहीत. काय करावं?

बहुतेक वेळा कारण कंद फार खोल पुरलेला असणं किंवा त्याला विश्रांती न मिळणं हेच असतं. कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग आणि मान मातीबाहेर दिसलीच पाहिजे. कुंडी कंदापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठी पुरे. मोठ्या कुंडीत माती ओली राहते, कंद सडतो. 2 भाग माती, 1 भाग कंपोस्ट, 1 भाग जाड वाळू घ्या. सकाळचं 4-5 तास ऊन हवं.

नोव्हेंबरच्या मध्यापासून 8-10 आठवडे पाणी जवळजवळ बंद करा. पानं आपोआप पिवळी पडू द्या, हिरवी कापू नका. फेब्रुवारीत एकदा भरपूर पाणी द्या, मग दांडा दिसेपर्यंत बेताचंच. या टप्प्यावर पाण्याचा अतिरेक केला, की नुसती पानं वाढतात.

फुलं सुकल्यावर फक्त पोकळ दांडा कापा. पुढच्या वर्षीची कळी आत्ताची पानं पोसतात, म्हणून एप्रिल ते सप्टेंबर खत चुकवू नका: महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, चमचाभर राख. युरियाने पानंच माजतात. लिंबाएवढ्या पिल्लू-कंदांकडून मात्र दोन-तीन वर्षं फुलांची अपेक्षाच नको.

पावसाळ्यात काळ्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या दोन दिवसांत पानं फस्त करतात. पानांची खालची बाजू रोज पाहा, हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. कंद विषारी असतो, घरात कुत्रं-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.