वाचकांचे प्रश्न : व्हिक्टोरियाला हॅनोव्हर का मिळालं नाही?

प्रश्न : पहिल्या जॉर्जपासून चौथ्या विल्यमपर्यंत पाचही राजे ब्रिटन आणि जर्मनीतलं हॅनोव्हर अशा दोन्हीकडे राज्य करत होते. मग १८३७ मध्ये व्हिक्टोरियाच्या वाट्याला एकटं ब्रिटनच कसं आलं?

उत्तर : राजा एक असला तरी गाद्या दोन होत्या आणि दोघींचे वारसाहक्काचे कायदे निराळे होते. ब्रिटनमध्ये आधी मुलगा, तो नसेल तर मुलगी. हॅनोव्हरमध्ये घराण्याच्या पुरुषवंशातला एक जरी पुरुष हयात असला, तरी बाईचा हक्क उभाच राहत नसे. १७१४ पासून १२३ वर्षं हा फरक कुणाला जाणवला नाही, कारण दर वेळी दोन्ही कायद्यांनी वारस एकच निघत गेला.

तिसऱ्या जॉर्जचे मुलगे क्रमाने मांडून पाहा. थोरला चौथा जॉर्ज. त्याची एकुलती एक मुलगी शार्लट १८१७ मध्ये बाळंतपणात गेली. (ती जगली असती तर ही फाटाफूट १८३० मध्येच झाली असती.) दुसरा मुलगा फ्रेडरिक १८२७ मध्ये निपुत्रिक वारला. तिसरा मुलगा म्हणजे चौथा विल्यम; त्याला दहा अनौरस मुलं होती, पण त्यांचा हक्क शून्य, आणि औरस एकही जगलं नाही. चौथा मुलगा एडवर्ड १८२० मध्येच गेलेला, मागे मुलगी व्हिक्टोरिया. पाचवा अर्न्स्ट ऑगस्ट, हयात. ब्रिटनचा कायदा चौथ्या पातीवर, म्हणजे एडवर्डच्या शाखेवर, थांबला. हॅनोव्हरचा कायदा तिथे मुलगीच आहे म्हणून पाचव्याकडे सरकला.

एक बारकावा सहसा सुटतो. व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या घोषणेत एक अट होती : विल्यमची विधवा राणी ॲडलेड गरोदर असेल आणि पुढे तिला मूल झालं, तर त्याचा हक्क अबाधित राहील. तसं काही झालं नाही. पण नोव्हेंबर १८४० मध्ये व्हिक्टोरियाला पहिली मुलगी होईपर्यंत ब्रिटनच्या गादीची पुढची वारसदारी याच अर्न्स्ट ऑगस्टकडे होती.

प्रश्न : राजाच्या आधी युवराज वारला, तर गादी राजाच्या दुसऱ्या मुलाकडे जाते की नातवाकडे?

उत्तर : ब्रिटनमध्ये नातवाकडे. वय किंवा नात्याची जवळीक पाहून मोजायला गेलं की इथेच चुकतं. थोरल्या मुलाची अख्खी पाती संपल्याशिवाय धाकट्याकडे वळायचंच नाही. दुसऱ्या जॉर्जचा थोरला मुलगा फ्रेडरिक १७५१ मध्ये वारला. १७६० मध्ये राजा गेला तेव्हा त्याचा धाकटा मुलगा, कंबरलंडचा ड्यूक, हयात होता; तरी गादीवर बसला तो फ्रेडरिकचा मुलगा, तिसरा जॉर्ज.

प्रश्न : निपुत्रिक राजाला दत्तक घेता येत नसे का?

उत्तर : घेता येई, पण नुसत्या दत्तकविधानाने गादी मिळत नसे. ब्रिटनचा १७०१ चा कायदा वारस पोटचाच हवा असं सांगतो, शिवाय प्रोटेस्टंट. स्वीडनमध्ये मात्र दत्तक घेतलेल्या वारसापासूनच आजचं राजघराणं उभं राहिलं. ऑगस्ट १८१० मध्ये तिथल्या संसदेने झां बर्नादोत या फ्रेंच मार्शलला वारस म्हणून निवडलं. त्यानंतर स्वीडनचा राजा तेरावा कार्ल याने त्याला दत्तक घेतलं. हा क्रम महत्त्वाचा, कारण हक्क निवडीने आला, नुसत्या दत्तकाने नव्हे. त्याला ऑस्कर नावाचा मुलगा आधीच होता, म्हणजे पुढच्या पिढीचीही चिंता मिटली. १८१८ मध्ये तो राजा झाला.

प्रश्न : आता थोरली मुलगी आधी असा नियम झाला आहे. मग राजा चार्ल्सची बहीण राजकुमारी ॲन ही धाकटे भाऊ अँड्र्यू आणि एडवर्ड यांच्या मागे का?

उत्तर : ब्रिटनमधला बदल २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांनाच लागू आहे. म्हणून युवराज विल्यमची २०१५ मध्ये जन्मलेली मुलगी शार्लट २०१८ मध्ये जन्मलेल्या भावाच्या, लुईच्या आधी, पण १९५० ची ॲन दोन्ही धाकट्या भावांच्या आणि त्यांच्या मुलांच्या मागे. स्वीडनने अशी सवलत ठेवली नाही. तिथे कार्ल फिलिप मे १९७९ मध्ये युवराज म्हणूनच जन्मला आणि १ जानेवारी १९८० पासून नवा नियम लागू होताच ते पद थोरल्या बहिणीकडे, व्हिक्टोरियाकडे गेलं. तेव्हा तो आठ महिन्यांचाही नव्हता.