धूमकेतूची प्रत नोंदवताना

फोटोच्या मागे लागण्याआधी नुसत्या नजरेने प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, ताडायला शीक. धूमकेतू ताऱ्यासारखा ठिपका नसतो, पसरलेला असतो, त्यामुळे थेट तुलना केलीस तर हमखास चुकशील. बायनॉक्युलरमधून कोमा, म्हणजे गाभ्याभोवतीचा धूसर गोळा, किती मोठा दिसतो ते नीट लक्षात ठेव, मग फोकस बिघडवून शेजारचे तारे तेवढेच फुगव. एक तारा किंचित उजळ, दुसरा किंचित मंद मिळाला की प्रत त्या दोघांच्या मधली. धूमकेतू क्षितिजालगत असेल तर तारेही साधारण तेवढ्याच उंचीवरचे घे. वेळ यूटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत, लिही. सोबत भिंगाचा व्यास, कोमाचा आकार आणि चंद्र होता का तेही.

आकाशातलं स्थान जेपीएल होरायझन्स या नासाच्या ऑनलाइन सेवेवरून काढ, कक्षेचं गणित सहसा दगा देत नाही. तेजाच्या भाकितावर मात्र विसंबू नकोस. सी/२०१९ वाय४ अ‍ॅटलास हा धूमकेतू मार्च २०२० मध्ये झपाट्याने उजळला, सगळे हरखले, आणि एप्रिलमध्ये त्याचे तुकडे झाले. उलट १२पी/पॉन्स-ब्रूक्स जुलै २०२३ मध्ये ध्यानीमनी नसताना एकदम उजळला. म्हणून भाकीत बघायचं ते स्वतःची नोंद लिहून झाल्यावरच. आधी आकडा डोक्यात बसला की डोळ्यांनाही तोच दिसतो. आभाळ भरलेलं असेल तर ती तारीख कोरी ठेव, अंदाजाने भरू नकोस.